हलक्या काँक्रीटची ताकद ओतण्याआधी सांगता येते का?

‘काँक्रीटची ताकद आता कृत्रिम बुद्धिमत्ता सांगणार’ अशा अर्थाच्या बातम्या हल्ली वरचेवर वाचायला मिळतात. त्यांत बहुधा दोन गोष्टी ठळकपणे दिलेल्या असतात : चाचणीच्या निकालासाठी अठ्ठावीस दिवस थांबण्याची गरज उरणार नाही हे आश्वासन, आणि ९५ टक्क्यांहून अधिक अचूकतेचा दावा. नव्या इमारतींच्या भिंती, स्वच्छतागृहाच्या खालचा भराव, गच्चीवरचा थर अशा अनेक ठिकाणी आज हलके काँक्रीट वापरले जाते, त्यामुळे हा प्रश्न केवळ अभियंत्यांचा राहिलेला नाही. हा दावा काही अंशी खरा आहे. तो नेमका किती खरा आहे हे समजण्यासाठी आधी काँक्रीट हलके कसे होते आणि त्याची ताकद कशी मोजतात हे पाहावे लागेल.

हलकेपणा पोकळीतून येतो

नेहमीच्या काँक्रीटचा एक घनमीटर सुमारे २,४०० किलो भरतो आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा खडीचा आणि वाळूचा असतो. वजन कमी करायचे तर घन पदार्थाच्या जागी हवा आणावी लागते, आणि त्याचे मुख्य मार्ग दोन आहेत. पहिल्या मार्गात खडीच सच्छिद्र असते : भट्टीत फुगवलेली चिकणमाती किंवा शेल हा चिखलापासून बनलेला खडक, औष्णिक वीजकेंद्रातील राखेच्या भाजून घट्ट केलेल्या गोळ्या, किंवा ज्वालामुखीतून निघालेला प्यूमिस. अशा खडीचे काँक्रीट घनमीटरला साधारण १,४०० ते १,९०० किलो भरते आणि योग्य मिश्रण साधले तर स्लॅब, तुळया अशा भार पेलणाऱ्या भागांतही चालते. दुसऱ्या मार्गात सिमेंटच्या लगद्यातच बुडबुडे निर्माण करतात. फोम काँक्रीटमध्ये तयार फेस मिसळतात, तर एएसी (ऑटोक्लेव्ह्ड एरेटेड काँक्रीट) ब्लॉकमध्ये ॲल्युमिनियमची बारीक पूड चुन्याशी अभिक्रिया करून हायड्रोजन वायू सोडते, त्याने मिश्रण फुगते आणि मग ते वाफेच्या दाबाखाली पक्के केले जाते. पुण्याकडे ज्यांना सर्रास सिपोरेक्स म्हणतात ते हेच ब्लॉक. भारतीय मानकानुसार घनमीटरला ५५१ ते ६५० किलो वजनाच्या पहिल्या प्रतीच्या एएसी ब्लॉकची ताकद किमान ४ मेगापास्कल असावी लागते. मेगापास्कल म्हणजे एका चौरस मिलिमीटरवर एक न्यूटन दाब. घरातल्या स्लॅबच्या काँक्रीटकडून साधारण २० ते ३० मेगापास्कलची अपेक्षा असते.

ही युक्ती फार जुनी आहे. रोममधील पँथिऑनचा सुमारे ४३ मीटर व्यासाचा घुमट इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, पोलादाच्या सळ्यांविना उभारला गेला. त्याच्या बांधकामात खालच्या थरांसाठी जड दगड आणि वर जाताना क्रमाक्रमाने हलका दगड वापरला आहे. आज बहुमजली इमारतींमध्ये कारण तेच आहे. भिंती आणि स्लॅब हलके झाले की खांबांवर आणि पायावर येणारा भार घटतो, पोलाद कमी लागते आणि भूकंपाच्या वेळी इमारतीला बसणारा आडवा झटकाही वजनाच्या प्रमाणात कमी होतो.

याची किंमत ताकदीत मोजावी लागते. नेहमीच्या काँक्रीटमध्ये नीट न दाबल्यामुळे नुसती ५ टक्के हवा राहिली तरी ताकद ३० टक्क्यांपर्यंत घटू शकते. हलक्या काँक्रीटमध्ये तर आपण हवा मुद्दाम ठेवतो. ती किती आहे, केवढ्या आकाराच्या छिद्रांत आहे आणि कुठे आहे, यावर सगळा हिशेब अवलंबून असतो.

क्यूब आणि अठ्ठावीस दिवस

काँक्रीटची ताकद मोजण्याची भारतातील रूढ पद्धत साधी आहे. स्लॅब भरताना त्याच काँक्रीटचे १५० मिलिमीटर बाजूचे ठोकळे, म्हणजे क्यूब, साच्यात भरून घेतात, दुसऱ्या दिवशी साच्यातून काढून पाण्यात ठेवतात आणि ठरलेल्या वयाला यंत्रात दाबून फोडतात. क्यूबच्या एका बाजूचे क्षेत्रफळ २२,५०० चौरस मिलिमीटर असल्याने २५ मेगापास्कल ताकदीचा क्यूब फोडायला साधारण ५७ टन भार लागतो. सिमेंट आणि पाणी यांची अभिक्रिया दीर्घकाळ चालत असल्याने २८ दिवसांची ताकद प्रमाण मानली जाते. सात दिवसांचे क्यूब अंदाज देतात, पण स्वीकृतीचा निर्णय २८ दिवसांवरच होतो.

अडचण उघड आहे. निकाल हाती येईपर्यंत इमारत आणखी एक-दोन मजले वर गेलेली असते. नवे मिश्रण शोधणाऱ्याची अडचण तर याहून मोठी. राखेचे प्रमाण बदलले, एक महिना. फेस थोडा वाढवला, आणखी एक महिना. सहा-सात घटकांची निरनिराळी प्रमाणे करून पाहायची झाली तर शक्य जोड्या हजारोंच्या घरात जातात आणि तेवढे क्यूब कोणतीही प्रयोगशाळा फोडू शकत नाही.

जुना नियम इथे का अडतो

नेहमीच्या काँक्रीटसाठी अभियंत्यांकडे शंभर वर्षांहून जुना एक भरवशाचा नियम आहे. डफ अब्राम्स यांनी १९१८ साली शिकागोत मांडले की, मिश्रण ओतण्याजोगे असेल तर काँक्रीटची ताकद मुख्यतः पाणी आणि सिमेंट यांच्या गुणोत्तरावर ठरते. पाणी जितके जास्त तितकी ताकद कमी. आजही मिश्रणाची आखणी या नियमापासूनच सुरू होते.

हलक्या काँक्रीटमध्ये हा नियम दोन ठिकाणी अडखळतो. नेहमीची बेसाल्टची खडी सिमेंटच्या लगद्याहून कितीतरी मजबूत असते, त्यामुळे क्यूब फुटताना भेग बहुधा खडीला वळसा घालून जाते. सच्छिद्र खडी मात्र लगद्याहून दुबळी असू शकते आणि मग भेग थेट तिच्यातून आरपार जाते. फुटलेल्या क्यूबचे तोंड पाहिले तर हा फरक डोळ्यांना दिसतो : एकात खडीचे अख्खे उंचवटे आणि त्यांनी सोडलेले खळगे, दुसऱ्यात दुभंगलेल्या गोळ्यांची तपकिरी वर्तुळे. खडीच फुटत असेल तर पाणी कमी करून लगदा कितीही घट्ट केला तरी एका मर्यादेपलीकडे ताकद वाढत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. सच्छिद्र खडी स्वतःच्या वजनाच्या ५ ते २५ टक्के पाणी २४ तासांत शोषू शकते, तर नेहमीच्या खडीच्या बाबतीत हे प्रमाण बहुधा २ टक्क्यांच्या आत असते. मिक्सरमध्ये घातलेल्या पाण्यातील किती सिमेंटला मिळाले आणि किती खडीने पिऊन घेतले, हे खडी आधी भिजवली होती का आणि किती वेळ, यावर ठरते. म्हणजे ज्या गुणोत्तरावर नियम उभा आहे, तेच गुणोत्तर नेमके माहीत नसते. त्यात फोम काँक्रीटमध्ये मिसळताना काही बुडबुडे फुटतात, काही एकमेकांत मिसळून मोठे होतात. इतक्या गोष्टी एकमेकींवर परिणाम करतात की एका ओळीचे सूत्र त्यांना पुरे पडत नाही, आणि मशीन लर्निंगकडे संशोधक वळले ते याच कारणाने.

संगणक शिकतो म्हणजे काय करतो

मशीन लर्निंग म्हणजे सूत्र आधी न सांगता, उदाहरणांच्या तक्त्यावरून संगणकाला संबंध शोधायला लावणे. तक्त्याची एक ओळ म्हणजे एक फोडलेले मिश्रण. समजा : सिमेंट ४०० किलो, पाणी १८० किलो, फुगवलेल्या मातीची खडी ४५० किलो, वाळू ७०० किलो, वय २८ दिवस; ताकद ३२ मेगापास्कल. अशा शेकडो ओळी दिल्या की शेवटचा आकडा सोडून बाकीच्या आकड्यांवरून तो शेवटचा आकडा कसा काढायचा, हे संगणक चुका कमी करत करत ठरवतो. या शिकलेल्या गणिताला प्रारूप म्हणतात.

प्रारूपांचे प्रकार अनेक आहेत. समजायला सर्वांत सोपा प्रकार निर्णयवृक्षाचा. तो ओळींना एकामागून एक प्रश्न विचारतो : पाण्याचे सिमेंटशी प्रमाण ०.४५ पेक्षा जास्त आहे का? वय १४ दिवसांच्या पुढे आहे का? खडीचा वाटा अमुक किलोच्या वर आहे का? उत्तरांप्रमाणे फांद्या फुटत जातात आणि शेवटच्या टोकाला जमलेल्या ओळींच्या ताकदीची सरासरी हे उत्तर ठरते. एकटा वृक्ष सहज फसतो, म्हणून लिओ ब्रायमन यांनी २००१ साली मांडलेल्या ‘रँडम फॉरेस्ट’ पद्धतीत तक्त्याच्या वेगवेगळ्या तुकड्यांवर शेकडो वृक्ष वाढवून त्यांच्या उत्तरांची सरासरी घेतात. दुसऱ्या एका घराण्यात प्रत्येक नवा वृक्ष आधीच्या वृक्षांच्या चुका भरून काढतो. हलक्या काँक्रीटवरील संशोधनात या दोन पद्धती आणि न्यूरल नेटवर्क, म्हणजे मेंदूतील पेशींच्या जाळ्यावरून सुचलेले गणित, यांचाच वापर प्रामुख्याने दिसतो.

काँक्रीटच्या क्षेत्रात या वाटेवरचा महत्त्वाचा टप्पा तैवानमध्ये गाठला गेला. आय-चेंग येह यांनी १९९८ साली उच्च कार्यक्षमतेच्या काँक्रीटची ताकद न्यूरल नेटवर्कने वर्तवली आणि त्यांनी जमवलेला १,०३० ओळींचा तक्ता पुढे सर्वांसाठी खुला झाला. मशीन लर्निंग शिकणारे जगभरातील विद्यार्थी आजही त्यावर हात बसवतात. तो तक्ता हलक्या काँक्रीटचा नाही. तरीही हलक्या काँक्रीटच्या प्रारूपांचे दावे कसे वाचावेत हे शिकायला तो फार उपयोगी आहे.

अचूकता ९५ टक्के असेल तर अडचण कसली?

बातमीत ज्याला ‘९५ टक्के अचूकता’ म्हटलेले असते तो आकडा बहुतेक वेळा ‘आर-स्क्वेअर’ नावाचे मोजमाप असतो. ताकदीत जो चढउतार आहे त्यातला किती भाग प्रारूपाला पकडता आला, हे तो सांगतो. शंभरपैकी ९५ अंदाज बरोबर आले, असा त्याचा अर्थ मुळीच नाही.

येह यांच्या तक्त्यात ताकद सुमारे २ पासून ८२ मेगापास्कलपर्यंत पसरलेली आहे आणि तिचे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा नेहमीचा पसारा, सुमारे १६.७ मेगापास्कल आहे. या तक्त्यावर एखाद्या प्रारूपाचा आर-स्क्वेअर ०.९ आला तर त्याची नेहमीची चूक अंदाजे ५.३ मेगापास्कल निघते. ६० मेगापास्कलच्या काँक्रीटसाठी ही चूक चालून जाईल. २० च्या काँक्रीटसाठी ती काळजीची आहे. आणि ४ मेगापास्कलच्या फोम काँक्रीटसाठी असा अंदाज निरर्थक आहे. पसारा मोठा असला की आर-स्क्वेअर आपोआप देखणा दिसतो. म्हणून दावा वाचताना मी आधी मेगापास्कलमधील चूक शोधतो, आणि ती दिलेली नसेल तर बाकीचे आकडे बाजूला ठेवतो.

याहून खोल अडचण परीक्षेच्या पद्धतीत आहे. प्रारूप तपासताना तक्त्यातील काही ओळी, बहुधा पाचवा हिस्सा, बाजूला ठेवून उरलेल्यांवर ते शिकवतात आणि मग बाजूला ठेवलेल्या ओळींवर त्याची परीक्षा घेतात. पद्धत योग्यच आहे, पण त्या ओळी चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडल्या तर घात होतो. अशा तक्त्यांत एकच मिश्रण ३, ७, २८ आणि ९० दिवसांच्या चार ओळींत येते. त्यातल्या तीन ओळी शिकवण्यात आणि चौथी परीक्षेत गेली तर प्रारूपाला नवे काही ओळखावेच लागत नाही. एका घरातील चार भावंडांपैकी तिघांची उंची मोजून चौथ्याची बरोबर सांगता आली, म्हणून रस्त्यावरच्या अनोळखी माणसाची उंची सांगता येईलच असे नाही. हलक्या काँक्रीटमध्ये हा धोका अधिक आहे, कारण तक्ते लहान असतात, निरनिराळ्या शोधनिबंधांतून गोळा केलेले असतात आणि एका निबंधातील सर्व ओळींत खडी, सिमेंट आणि यंत्रही एकच असते. प्रामाणिक परीक्षा घ्यायची तर एका प्रयोगशाळेच्या सर्व ओळी संपूर्णपणे बाहेर ठेवून, बाकीच्यांवर शिकलेले प्रारूप त्या अनोळखी प्रयोगशाळेच्या काँक्रीटवर चालवले पाहिजे. तेव्हा येणारा आकडा खाली उतरतो. बांधकामाच्या जागी उपयोगी पडणारा आकडा मात्र तोच असतो, म्हणून प्रत्येक निबंधात तो असायलाच हवा असे माझे ठाम मत आहे.

तक्ते एकत्र करतानाची एक बारीक चूकही इथे सांगितली पाहिजे. भारतात क्यूब फोडतात, अमेरिकेत दंडगोल. नेहमीच्या काँक्रीटमध्ये दंडगोलाची ताकद क्यूबच्या सुमारे ०.८ पट येते, म्हणून अनेकजण सरसकट याच गुणकाने आकडे बदलून घेतात. पण हलक्या काँक्रीटमध्ये हे अंतर बरेच कमी असते. युरोपीय मानकात नेहमीच्या काँक्रीटचा वर्ग दंडगोल ३०, क्यूब ३७ असा आहे, तर हलक्याचा दंडगोल ३०, क्यूब ३३. चुकीच्या गुणकाने बदललेल्या ओळींवरून प्रारूप ही चूकच इमानेइतबारे शिकते.

प्रारूप आपल्या तक्त्याबाहेर गेले तर?

निर्णयवृक्षाचे उत्तर म्हणजे शिकलेल्या ओळींची सरासरी, हे वर पाहिले. याचा सरळ परिणाम असा की, तक्त्यातील सर्वांत मजबूत काँक्रीट ४५ मेगापास्कलचे असेल तर रँडम फॉरेस्ट कधीही ४५ च्या वरचे उत्तर देऊ शकत नाही, मग समोरचे मिश्रण कितीही उत्तम असो. न्यूरल नेटवर्क सीमेपलीकडे उत्तर देते, पण त्याला आधार नसतो. दोन्ही बाबतींत संगणक न अडखळता दोन दशांश स्थळांपर्यंत आकडा छापतो, आणि धोका नेमका तिथे आहे, कारण तो आकडा भरवशाचा की भरकटलेला हे त्याच्याकडे पाहून कळत नाही. आकड्याबरोबर त्याची शक्य मर्यादाही सांगणाऱ्या पद्धती उपलब्ध आहेत, आणि माझ्या मते त्यांच्याशिवाय असे प्रारूप बांधकामाच्या जवळपासही नेऊ नये.

उत्तर कसे आले हे कोणालाच सांगता येत नाही ना?

हा आक्षेप पूर्वी अधिक खरा होता. २०१७ साली मांडलेली ‘शॅप’ ही पद्धत प्रत्येक अंदाजात कोणत्या घटकाचा किती वाटा होता ते वेगळे काढून दाखवते. लॉइड शॅपली यांनी १९५३ साली, एकत्र मिळवलेला लाभ भागीदारांत न्याय्यपणे कसा वाटावा यासाठी दिलेले गणित तिच्या मुळाशी आहे. पाणी वाढले की ताकद घटते, वय वाढले की ती वाढते, असे अपेक्षित चित्र तिच्यातून निघाले तर प्रारूपाने काहीतरी खरे पकडले असे म्हणता येते.

पण हा वाटा म्हणजे कारण नव्हे. हलक्या काँक्रीटच्या प्रारूपांत घनतेचा वाटा मोठा दिसणे स्वाभाविक आहे. मात्र ती घनता घट्ट झालेल्या क्यूबवर मोजलेली असेल तर ती काँक्रीट ओतल्यानंतरच मिळाली, म्हणजे ओतण्याआधी ताकद सांगण्याचा दावा तिथेच गळून पडतो. क्यूबमधून ध्वनिलहरी किती वेगाने गेल्या हा आकडा प्रारूपाला पुरवला असेल तेव्हाही हेच लागू पडते. उभ्या इमारतीची तपासणी करायला असे प्रारूप कामाचे आहे, नवे मिश्रण आखायला ते उपयोगाचे नाही.

मग क्यूब फोडणे बंद होणार का?

नाही. याचे कारण परंपरेत नाही, हिशेबात आहे. भारतीय मानकानुसार एम २५ काँक्रीट म्हणजे ज्याच्या चाचण्यांपैकी ५ टक्क्यांहून अधिक निकाल २५ मेगापास्कलच्या खाली येण्याची अपेक्षा नाही असे काँक्रीट. जागेवरचा चढउतार लक्षात घेऊन मिश्रण त्याहून मजबूत आखावे लागते. प्रमाण विचलन ४ मेगापास्कल धरले तर २५ अधिक १.६५ गुणिले ४, म्हणजे ३१.६ मेगापास्कलचे लक्ष्य ठेवतात. आता ही ताकद आपण चाचणीने न ठरवता प्रारूपाने वर्तवली आणि प्रारूपाची स्वतःची चूक ३ मेगापास्कल आहे असे समजू. दोन स्वतंत्र चुका वर्गांच्या बेरजेने एकत्र होतात. ३ आणि ४ यांच्या वर्गांची बेरीज २५, तिचे वर्गमूळ ५, त्यामुळे लक्ष्य ३३.२५ मेगापास्कल होते. म्हणजे क्यूबऐवजी अंदाजावर विसंबायचे तर काँक्रीट अधिक मजबूत करावे लागते, बहुधा सिमेंट वाढवून, आणि वाचवायला निघालेला पैसा तिथेच खर्ची पडतो. शिवाय जागेवर कोणी मिश्रणात जादा पाणी ओतले, तर कागदावरचे प्रमाण पाहणाऱ्या प्रारूपाला ते कधीच कळणार नाही. क्यूबला कळते.

इतके करून मिळते काय?

खरा लाभ आहे तो कोणते क्यूब भरायचे हे ठरवण्यात. हजारो शक्य मिश्रणांतून ताकद पुरेशी, वजन कमी आणि सिमेंट कमी अशी दहा-बारा मिश्रणे प्रारूपाने सुचवायची, ती प्रत्यक्ष भरून फोडायची, निकाल पुन्हा तक्त्यात घालायचे आणि प्रारूपाला नव्याने शिकवायचे. २०२२ साली मेटा कंपनी आणि अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठ यांच्या संशोधकांनी कमी कार्बन उत्सर्जनाचे काँक्रीट याच वाटेने शोधले, तेही येह यांच्या त्याच खुल्या तक्त्यापासून सुरुवात करून, आणि इलिनॉयमधील डिकाल्ब येथील मेटाच्या डेटा सेंटरच्या बांधकामात ते वापरून पाहिले. उत्सर्जन सुमारे ४० टक्क्यांनी घटल्याचे त्यांनी सांगितले. संगणकाने सुचवलेली मिश्रणे तिथेही आधी प्रयोगशाळेत तपासली गेली होती.

महाराष्ट्रात या पद्धतीला मोठा वाव आहे. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, परळी, पारस, भुसावळजवळचे दीपनगर अशा औष्णिक केंद्रांतून निघणारी राख एएसी ब्लॉकमध्ये जाते आणि तिच्या भाजलेल्या गोळ्यांची हलकी खडीही करता येते. पण कोळसा आणि भट्टी बदलली की राख बदलते, त्यामुळे परदेशी राखेवर शिकलेले प्रारूप जसेच्या तसे इथे लावणे चुकीचे ठरेल. इथल्या राखेचा, इथल्या क्रश सँडचा, म्हणजे दगड भरडून केलेल्या वाळूचा, आणि इथल्या उन्हाळ्यात पाणी मारून पक्क्या केलेल्या काँक्रीटचा तक्ता इथेच तयार करावा लागेल. त्यात खडीने किती पाणी शोषले, ती आधी भिजवली होती का, क्यूब कोणत्या मापाचा होता आणि फोडताना ओला होता की कोरडा, या नोंदी हव्यात. फसलेली मिश्रणेही हवीत, कारण शोधनिबंधांत ती सहसा येत नाहीत आणि त्यांच्याशिवाय काँक्रीट कुठे दगा देते हे प्रारूपाला कळत नाही.

यासाठी नवी यंत्रणा उभारण्याचीही फारशी गरज नाही. रेडिमिक्स प्लांटमध्ये प्रत्येक गाडीचा बॅच रिपोर्ट छापला जातो, त्यात सिमेंट, पाणी, खडी यांची प्रत्यक्ष वजने असतात. क्यूबचे निकाल प्रयोगशाळेच्या रजिस्टरमध्ये असतात. तारीख आणि गाडीचा क्रमांक यांवरून हे दोन्ही कागद जोडले की तक्त्याची एक ओळ तयार होते.